रजोनिवृत्तीत इस्ट्रोजेनचा पॅच: कुणी लावावा, कसा लावावा आणि डॉक्टरांकडे कधी धाव घ्यावी?

पंचेचाळिशी ओलांडली की अनेक जणींच्या घरात एक वेगळाच उकाडा सुरू होतो. बाकीचे सगळे पांघरूण ओढून झोपलेले असतात आणि एकटीलाच घाम फुटलेला असतो. छातीतून गरम वाफ वर चढते, चेहरा लाल होतो, काळीज धडधडतं आणि पाच मिनिटांनी थंडी वाजायला लागते. मोडलेली झोप पुन्हा लागत नाही. "या वयात असं व्हायचंच" असं म्हणत कित्येक जणी ही वर्षं काढतात.

आता मोबाइलवर मात्र याच त्रासावरचे व्हिडिओ फिरतात. पोटावर चिकटवलेली एक छोटी पारदर्शक पट्टी दाखवून सांगितलं जातं की, हिने हॉट फ्लॅशेस थांबले, झोप लागली, चिडचिड गेली. परदेशात राहणारी मुलगी किंवा बहीण सुट्टीला येताना अशी पाकिटं घेऊनही येते.

या पट्टीने, म्हणजे इस्ट्रोजेनच्या पॅचने, बऱ्याच जणींना खरोखर आराम पडतो. पण तो पाठदुखीवर लावायच्या पट्टीसारखा नाही. त्यातलं औषध त्वचेतून थेट रक्तात जातं आणि मेंदूपासून गर्भाशयापर्यंत सगळीकडे पोहोचतं. म्हणून तो कुणी लावावा, सोबत दुसरं कोणतं औषध घ्यावं आणि कोणतं लक्षण दिसलं तर थांबू नये, हे आधी माहीत असायला हवं.

रजोनिवृत्तीत नेमकं काय होतं?

सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं मानतात. भारतात हे सरासरी ४६ ते ४७ व्या वर्षाच्या आसपास होतं, तर पाश्चात्त्य देशांत साधारण ५१ व्या वर्षी. त्याआधीची काही वर्षं पाळी पुढेमागे होते, हार्मोन वर-खाली होतात आणि त्रास बहुतेक वेळा याच काळात सुरू होतो.

अंडाशय म्हणजे ओव्हरी इस्ट्रोजेन तयार करणं कमी करते. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारं एक केंद्र असतं. इस्ट्रोजेन घटलं की ते हळवं होतं आणि थोड्याशा फरकानेही अंग थंड करायची घाई करतं. त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम सुटतो. हाच हॉट फ्लॅश. याशिवाय झोप बिघडणं, योनीत कोरडेपणा, वारंवार लघवीचा त्रास, सांधे दुखणं, मन उदास होणं अशा तक्रारी येऊ शकतात. हाडांची झीजही या वर्षांत वेगाने होते.

पॅचमधून मिळणारं इस्ट्रोजेन ही कमतरता काही प्रमाणात भरून काढतं. हॉट फ्लॅशेस आणि रात्रीचा घाम यांवर हार्मोन उपचाराइतकं प्रभावी दुसरं औषध अजून नाही. हाडांचंही त्याने संरक्षण होतं.

गोळी असताना पॅच कशाला?

इस्ट्रोजेनची गोळी पोटातून आधी यकृतात जाते. तिथे तिच्यामुळे रक्त गोठवणाऱ्या घटकांचं प्रमाण वाढतं आणि पायाच्या शिरांत किंवा फुप्फुसात गुठळी होण्याचा धोका थोडा चढतो. पॅचमधलं औषध यकृताला वळसा घालून सरळ रक्तात मिसळतं. नेहमीच्या डोसच्या पॅचने गुठळ्यांचा धोका वाढलेला मोठ्या अभ्यासांत दिसलेला नाही. ब्रिटनची आरोग्यविषयक मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात.

त्यामुळे वजन जास्त असलेल्या, ट्रायग्लिसराइड वाढलेल्या किंवा अर्धशिशीचा त्रास असलेल्या महिलांना हार्मोन द्यायचंच असेल, तर डॉक्टर बहुधा गोळीऐवजी पॅच किंवा जेल निवडतात. रक्तातली पातळीही पॅचने दिवसभर बरीचशी एकसारखी राहते.

हा फायदा मुख्यतः गुठळ्यांपुरता आहे. गर्भाशयाच्या अस्तरावर होणारा परिणाम पॅचने टळत नाही.

सगळ्यात आधीचा प्रश्न: गर्भाशय आहे की काढलेलं आहे?

पॅचच्या सुरक्षिततेचा निम्मा भाग या एका प्रश्नात आहे.

इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचं आतलं अस्तर वाढतं. पाळी सुरू असताना प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन त्या वाढीला लगाम घालतं आणि अस्तर दर महिन्याला गळून जातं. रजोनिवृत्तीनंतर बाहेरून एकटं इस्ट्रोजेन दिलं, तर अस्तर वाढतच राहतं. त्यातून पेशी बिघडतात आणि काही जणींना अस्तराचा कर्करोग होतो.

हा धोका कागदावरचा नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकात झालेल्या 'पेपी' नावाच्या चाचणीत, गर्भाशय असलेल्या ज्या महिलांना तीन वर्षं फक्त इस्ट्रोजेनची गोळी दिली, त्यांच्यापैकी सुमारे ६२ टक्के जणींच्या अस्तरात कमी-अधिक प्रमाणात असाधारण वाढ आढळली. इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन वर्गातलं औषध घेणाऱ्यांमध्ये मात्र असं घडलं नाही. इस्ट्रोजेन गोळीतून आलं काय किंवा पॅचमधून आलं काय, अस्तर त्याला सारखाच प्रतिसाद देतं.

म्हणून नियम असा:

• गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनच्या पॅचसोबत प्रोजेस्टेरॉन हवंच. ते रात्री घ्यायच्या कॅप्सूलमधून, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन वर्गातलं औषध एकत्र असलेल्या जोडपॅचमधून किंवा गर्भाशयात बसवलेल्या लेव्होनॉरजेस्ट्रेल हार्मोनच्या कॉपरटीसारख्या साधनातून देता येतं. साधी तांब्याची कॉपरटी हे काम करत नाही.

• प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल रोज घ्यायची की महिन्यातले १२ ते १४ दिवस, हे शेवटची पाळी कधी आली त्यावर डॉक्टर ठरवतात. तिने गुंगी येते, म्हणून ती झोपताना घ्यावी. काही कंपन्यांच्या कॅप्सूलमध्ये शेंगदाणा तेल असतं. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगावं.

• ऑनलाइन मिळणाऱ्या प्रोजेस्टेरॉनच्या क्रीमवर अस्तराच्या संरक्षणासाठी भरवसा ठेवू नये. अस्तराला पुरेल इतकं औषध त्यातून मिळत नाही.

• गर्भाशय पूर्ण काढलेलं असेल तर बहुतेकींना एकटं इस्ट्रोजेन पुरतं. गर्भाशयाचा काही भाग ठेवला असेल किंवा एंडोमेट्रिओसिसचा इतिहास असेल, तर डॉक्टर तरीही प्रोजेस्टेरॉन देऊ शकतात.

गडबड अशी होते की, प्रोजेस्टेरॉनने सुस्ती येते, पोट फुगतं, म्हणून काही जणी कॅप्सूल बंद करतात आणि बरं वाटतं म्हणून पॅच मात्र चालू ठेवतात. असं करण्यात मोठा धोका आहे. कॅप्सूल सोसत नसेल तर डॉक्टरांना सांगून पर्याय बदलून घ्यावा. प्रोजेस्टेरॉन बंद करायचं असेल तर पॅचही थांबवावा आणि लगेच डॉक्टरांशी बोलावं.

'पिशवी काढली', पण अंडाशयाचं काय?

महाराष्ट्रात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. त्यांतल्या अनेक जणी तरुण होत्या. अशा ऑपरेशननंतर बऱ्याच महिलांना फक्त "पिशवी काढली" एवढंच माहीत असतं. सोबत अंडाशय काढले की ठेवले, हे ठाऊक नसतं.

दोन्ही अंडाशय काढले असतील तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते आणि त्रास अचानक व जास्त होतो. अंडाशय ठेवले असतील तरी पाळी बंद झालेली असल्याने खरी रजोनिवृत्ती कधी आली ते कळत नाही. ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट यात ही माहिती सापडते. कागद हरवले असतील तर सोनोग्राफीचा उपयोग होतो.

चाळिशीच्या आत अंडाशय बंद पडले किंवा काढले गेले, तर अडचण फक्त घाम आणि झोपेची नसते. हाडं आणि हृदय यांचं संरक्षण लवकर संपतं. अशा महिलांना, दुसरी काही मनाई नसेल तर, निदान रजोनिवृत्तीच्या सरासरी वयापर्यंत हार्मोन देण्याचा सल्ला दिला जातो. पन्नाशीनंतर सुरू केलेल्या उपचाराच्या जोखमीचे आकडे त्यांना जसेच्या तसे लागू होत नाहीत.

हार्मोनची भीती आली कुठून?

जुलै २००२ मध्ये अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या अभ्यासाचा एक भाग मध्येच थांबवला गेला. त्यात १६,६०८ महिला होत्या. घोडीच्या मूत्रापासून मिळवलेलं इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन यांची गोळी निम्म्या जणींना दिली जात होती. दरवर्षी दर १०,००० महिलांमागे स्तनाच्या कर्करोगाचे ८, पक्षाघाताचे ८, फुप्फुसातल्या गुठळीचे ८ आणि हृदयविकाराचे ७ रुग्ण जास्त आढळले. खुब्याचं हाड मोडण्याचे ५ आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे ६ रुग्ण कमी होते.

बातम्यांमध्ये पहिला भाग गाजला आणि जगभर लाखो महिलांनी औषध सोडलं. पण अभ्यासातल्या महिलांचं सरासरी वय ६३ होतं आणि त्या गोळी घेत होत्या. पुढच्या विश्लेषणांतून दिसलं की, वयाच्या साठीच्या आत किंवा रजोनिवृत्तीनंतर १० वर्षांच्या आत उपचार सुरू केले, तर बहुतेक निरोगी महिलांसाठी फायद्याचं पारडं जड असतं. त्यानंतर नव्याने सुरू करताना जास्त विचार करावा लागतो.

स्तनाच्या कर्करोगाचा प्रश्न मात्र पुसला गेलेला नाही. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या विश्लेषणानुसार, पन्नाशीत सुरू करून पाच वर्षं रोज दोन्ही हार्मोन घेतले तर पुढच्या २० वर्षांत साधारण ५० महिलांमागे एकीला जादा कर्करोग होतो. एकट्या इस्ट्रोजेनसाठी हे प्रमाण २०० मागे एक असं दिसलं. विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हमध्ये मात्र एकट्या इस्ट्रोजेनने हा धोका वाढलेला दिसला नाही. म्हणजे धोका कोणतं औषध, किती वर्षं आणि कुणाला, यावर ठरतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने रजोनिवृत्तीच्या हार्मोन औषधांवरचा ठळक चौकटीतला इशारा काढून घेण्याचा निर्णय जाहीर केला. सोशल मीडियावर याचा अर्थ "आता कसलाच धोका नाही" असा लावला गेला. तो चुकीचा आहे. संपूर्ण शरीरावर काम करणाऱ्या एकट्या इस्ट्रोजेनच्या औषधांवरचा, गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा इशारा त्याच निर्णयात कायम ठेवला आहे.

पॅच कुणी लावू नये?

पुढीलपैकी काही असेल तर स्वतःहून पॅच लावू नये:

• स्तनाचा किंवा इस्ट्रोजेनवर वाढणारा दुसरा कर्करोग झालेला असणं किंवा तसा संशय असणं
• कारण न समजलेला योनीमार्गातला रक्तस्राव
• पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी होऊन गेलेली असणं किंवा रक्त लवकर गोठण्याचा आनुवंशिक दोष
• हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन गेलेला असणं
• यकृताचा चालू आजार
• गर्भारपण

यातल्या काही परिस्थितींत तज्ज्ञ सगळं तपासून पॅचचा विचार करतात, पण तो निर्णय त्यांचा. आई किंवा बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला असेल तर पॅच आपोआप वर्ज्य होत नाही, मात्र डॉक्टरांना ते सांगायलाच हवं. रक्तदाब वाढलेला असेल तर आधी तो आटोक्यात आणावा लागतो.

पॅच हे गर्भनिरोधक नाही. पाळी अनियमित असली तरी दिवस राहू शकतात. पन्नाशीच्या आत शेवटची पाळी आली असेल तर पुढची दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर आली असेल तर एक वर्ष गर्भनिरोधक वापरावं, असा सर्वसाधारण सल्ला आहे.

पाकिटावरचे आकडे कसे वाचायचे?

पाकिटावर २५, ३७.५, ५०, ७५ किंवा १०० असा आकडा असतो. पॅचमधून २४ तासांत इतके मायक्रोग्रॅम इस्ट्राडायोल शरीरात जातं, असा त्याचा अर्थ. अमेरिकेतल्या पाकिटांवर तेच मिलिग्रॅममध्ये छापतात. तिथला ०.०५ म्हणजे इकडचा ५०. ०.०५ आणि ०.५ यांत घोळ झाला तर डोस दहापट चुकतो. सुरुवात साधारणपणे २५ ते ५० पासून करतात आणि गरजेप्रमाणे बदलतात.

दुसरी गोष्ट म्हणजे किती दिवसांनी बदलायचा. काही पॅच आठवड्यातून दोनदा, म्हणजे तीन-चार दिवसांनी बदलायचे असतात, तर काही आठवड्यातून एकदाच. दिसायला दोन्ही सारखेच. परदेशातून आलेलं पाकीट आणि इथे मिळालेलं पाकीट वेगळ्या कंपन्यांचं असेल तर हे तपासावंच लागतं. सोमवार-गुरुवार असे दोन वार ठरवून कॅलेंडरवर खूण केली की विसर पडत नाही.

तिसरी गोष्ट, पाकिटावर फक्त इस्ट्राडायोल लिहिलंय की सोबत नॉरएथिस्टेरॉन किंवा लेव्होनॉरजेस्ट्रेलही आहे, ते पाहावं. दुसरं नाव नसेल तर तो एकट्या इस्ट्रोजेनचा पॅच आहे.

कुठे आणि कसा लावायचा?

• जागा: बेंबीच्या खालचं पोट किंवा नितंबाचा वरचा भाग. स्तनांवर किंवा स्तनांच्या जवळ कधीही लावू नये.
• कंबरेची रेघ टाळावी. परकराची किंवा सलवारची नाडी, लेगिंग्जचं इलॅस्टिक जिथे घासतं तिथे पॅचच्या कडा सुटतात.
• त्वचा स्वच्छ, कोरडी आणि थंड हवी. तेल, लोशन, पावडर लावलेली जागा चालत नाही. जखम, पुरळ किंवा नुकतेच केस काढलेली जागाही नको.
• पाकीट हाताने फाडावं, कात्रीने पॅच कापला जाऊ शकतो. उघडल्यावर लगेच लावावा. चिकट बाजूला बोट लावू नये.
• तळहाताने सुमारे १० सेकंद दाबून धरावा आणि कडांवरून बोट फिरवावं.
• नवीन पॅच लावताना जुना आठवणीने काढावा. पारदर्शक असल्याने तो विसरतो आणि दोन पॅचचा डोस एकदम मिळतो.
• दर वेळी जागा बदलावी. एकाच जागेवर पुन्हा लावण्याआधी निदान एक आठवडा जाऊ द्यावा. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे हा सोपा हिशोब.

काढल्यावर चिकटपणा राहिला तर थोडं खोबरेल तेल लावून पुसता येतं. पुढचा पॅच दुसऱ्या जागी जाणार असल्याने त्या तेलाची अडचण होत नाही. हलकी लाली एक-दोन दिवसांत जाते.

स्वतःच्या मनाने पॅच कापून अर्धा करू नये. काही पॅचमध्ये औषध पिशवीसारख्या भागात असतं आणि ते कापलं की सगळं एकदम बाहेर येतं. डोस कमी हवा असेल तर कमी आकड्याचा पॅच मागावा.

घाम, अंघोळ आणि मे महिन्याचं ऊन

अंघोळीने पॅच निघत नाही. पण लावण्याआधी अंग पूर्ण कोरडं असावं आणि लावल्यावर त्या जागी साबण घासू नये. अंघोळीनंतर लगेच, घाम निथळत असताना लावलेला पॅच टिकत नाही. पंख्याखाली थोडं बसून मग लावावा. अभ्यंगाचं तेल किंवा मालिश असेल तेव्हा पॅचची जागा सोडावी.

उष्णतेने त्वचेतून औषध जास्त वेगाने आत जाऊ शकतं. म्हणून पोट दुखतंय म्हणून गरम पाण्याची पिशवी पॅचवर ठेवू नये आणि पॅचवर थेट ऊन पडू देऊ नये. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पाकिटं खिडकीत, गाडीत किंवा गॅसजवळच्या कपाटात ठेवू नयेत. फ्रीजमध्येही नको. घरातलं सर्वांत थंड, कोरडं कपाट निवडावं आणि पाकिटावर लिहिलेली तापमानाची मर्यादा पाहावी.

एमआरआय करायचा असेल तर तंत्रज्ञाला पॅचबद्दल आधीच सांगावं. काही पॅचच्या मागच्या थरात धातू असतो आणि त्वचा भाजू शकते.

पॅच निघाला किंवा बदलायचा राहिला तर?

निघालेला पॅच अजून चिकटत असेल तर तोच दुसऱ्या कोरड्या जागी लावावा. नसेल तर नवीन लावावा. पुढचा बदल मात्र आधी ठरलेल्या वारीच करावा. बदलायचा राहून गेला तर आठवेल तेव्हा बदलावा. भरपाई म्हणून दोन पॅच एकदम लावू नयेत.

वापरलेल्या पॅचमध्येही बरंच औषध शिल्लक असतं. चिकट बाजू आत येईल असा दुमडून, कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात टाकावा. संडासात टाकू नये. रांगणारं बाळ किंवा घरातलं मांजर-कुत्रं यांच्या हाती तो लागता कामा नये. आपला पॅच मैत्रिणीला किंवा जावेला "लावून बघ" म्हणून देणंही धोक्याचं आहे. तिला गर्भाशय आहे का, गुठळी होऊन गेली आहे का, हे त्या पॅचला कळत नाही.

कोणता त्रास चालण्यासारखा आणि कोणता नाही?

पहिल्या काही आठवड्यांत स्तन जड वाटणं, मळमळ, डोकेदुखी, पोट फुगणं, पॅचखाली खाज येणं हे होऊ शकतं. बहुतेक वेळा ते आपोआप किंवा डोस बदलून कमी होतं. दोन्ही हार्मोन रोज सुरू असतील तर पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग दिसू शकतात. हॉट फ्लॅशेसमधला फरक काही आठवड्यांत जाणवतो, पूर्ण अंदाजासाठी साधारण तीन महिने द्यावे लागतात.

काही दिवसांत डॉक्टरांना दाखवायला हवं, जर:

• सहा महिन्यांनंतरही रक्त दिसत असेल, जास्त जात असेल किंवा थांबल्यावर पुन्हा सुरू झालं असेल
• स्तनात गाठ, त्वचेवर खळगा किंवा बोंडातून स्राव दिसला
• डोळे-त्वचा पिवळी झाली किंवा उजव्या बरगडीखाली जोरात दुखू लागलं

याच दिवशी, थेट तातडीच्या विभागात जायला हवं, जर:

• एकच पोटरी सुजली, दुखते आणि गरम लागते
• अचानक धाप लागली, छातीत दुखतंय किंवा खोकल्यातून रक्त आलं
• तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं किंवा एकाएकी दिसेनासं झालं

रक्तस्रावाबद्दल आपल्याकडे एक गैरसमज पक्का आहे: "पाळी परत आली, म्हणजे तब्येत सुधारली." पाळी जाऊन वर्ष उलटल्यानंतरचा रक्तस्राव ही पाळी नसते. पॅच सुरू असो वा नसो, त्याची तपासणी व्हायलाच हवी. सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजतात आणि गरज पडली तर तुकडा तपासतात. अस्तराचा कर्करोग लवकर सापडला तर बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो.

दुसरी औषधं सुरू असतील तर?

क्षयावरचं रिफॅम्पिसिन आणि फिटवरची फेनिटोइन, कार्बामाझेपाइन ही औषधं शरीरातलं इस्ट्रोजेन लवकर संपवतात, त्यामुळे पॅचचा परिणाम कमी होऊ शकतो. उलट फिटवरच्या लॅमोट्रिजिनची पातळी इस्ट्रोजेनमुळे खाली येऊ शकते. थायरॉइडच्या गोळीचा डोस इस्ट्रोजेनच्या गोळीने बदलावा लागू शकतो, पॅचने ती शक्यता बरीच कमी असते. आयुर्वेदिक किंवा 'नैसर्गिक हार्मोन' म्हणून विकली जाणारी चूर्णं घेत असल्यास तेही डॉक्टरांना सांगावं.

किती वर्षं घ्यायचा?

ठरावीक मुदत नाही. सुरू केल्यावर तीन महिन्यांनी आणि मग निदान वर्षातून एकदा डॉक्टरांशी बोलून तो अजून हवा का, डोस कमी करता येईल का, हे पाहायचं असतं. त्या वेळी रक्तदाब, वजन, स्तनांची तपासणी आणि वयानुसार मॅमोग्राफी होते. ४५ नंतर नेहमीची लक्षणं असतील तर हार्मोनच्या रक्ततपासण्या पुन्हापुन्हा करण्याची गरज सहसा नसते.

पॅच अचानक बंद केला तर हॉट फ्लॅशेस परतू शकतात. म्हणून काही जणींना आकडा हळूहळू कमी करत थांबवणं सोपं जातं.

पॅच मिळत नसेल किंवा चालत नसेल तर?

भारतात पॅच प्रत्येक मेडिकलमध्ये मिळतोच असं नाही. त्वचेवर लावायचं इस्ट्राडायोलचं जेल हा जवळचा पर्याय आहे. तेही रक्तात जातं, म्हणून गर्भाशय असेल तर प्रोजेस्टेरॉनचा नियम तोच. जेल पूर्ण वाळेपर्यंत कपडे घालू नयेत आणि लहान मुलांची त्वचा त्या जागेला लागू देऊ नये.

त्रास फक्त योनीच्या कोरडेपणाचा किंवा लघवीचा असेल तर पॅचची गरज नसते. तिथे लावायचं कमी डोसचं क्रीम किंवा गोळी पुरते आणि तिचं औषध रक्तात फारच थोडं जातं.

ज्यांना हार्मोन चालत नाही त्यांच्यासाठी व्हेन्लाफॅक्सिन किंवा गॅबापेन्टिनसारखी औषधं हॉट फ्लॅशेस कमी करतात. अमेरिकेत २०२३ मध्ये फेझोलिनेटंट हे हार्मोन नसलेलं औषध मंजूर झालं. झोप आणि त्रासाची तीव्रता यांसाठी कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीचाही उपयोग होतो.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यावं?

• शेवटची पाळी कधी आली आणि मधे रक्त दिसलं का, याची नोंद
• पिशवीचं ऑपरेशन झालं असेल तर त्याचे कागद
• स्वतःच्या आणि घरातल्यांच्या कर्करोग, गुठळी, हृदयविकार, पक्षाघात यांची माहिती
• सध्या सुरू असलेली सगळी औषधं
• कुणी आणून दिलेलं पॅचचं पाकीट, न उघडता
• दोन आठवड्यांची छोटी नोंद: दिवसातून किती वेळा वाफा येतात, रात्री किती वेळा जाग येते

आणि एक प्रश्न स्पष्ट विचारावा: "मला गर्भाशय आहे, मग माझं प्रोजेस्टेरॉन कोणतं?" याचं नेमकं उत्तर मिळाल्याशिवाय पहिला पॅच लावू नये.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषध सुरू करणं, बदलणं किंवा थांबवणं याचा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावा.)